स्लोव्हेनिया हा देश नक्की कसा आहे? कोणी नीट समजावून सांगेल का

सदाफुली:
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला ल्युब्ल्याना युनिव्हर्सिटीत मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, सप्टेंबरअखेर निघायचंय. घरात सगळे खूश आहेत पण स्लोव्हेनिया म्हणजे काय हे आमच्यापैकी कोणालाच धड माहीत नाही, बाबा अजून नातेवाइकांना फोनवर स्लोव्हाकिया सांगतायत आणि आजीला एवढंच कळलंय की इटलीच्या शेजारी आहे. नेटवर शोधलं तर जिकडेतिकडे तळ्यातल्या बेटावरच्या चर्चचे फोटो आणि बघायच्या ठिकाणांच्या याद्या. मला ते नकोय. हा देश झाला कसा, युगोस्लाव्हियात होता म्हणजे तिथेही ते भयंकर युद्ध झालं होतं का, लोक कसे आहेत, भाषा कुठली, कशाला मानतात, कशावरून दुखावतात, असं काहीतरी सांगा ना. पोरगा दोन वर्षं त्या लोकांत राहणार आहे. मोठं लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

घाटवाट:
अभिनंदन भावाचं! मी भूगोलापुरतं सांगतो, कारण मला वेड डोंगरांचं आणि त्या वेडापायीच मी तिकडे जाऊन आलोय.

आधी आकार डोक्यात बसवा. २०,२७१ चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडा मोठा, आणि लोकसंख्या साधारण २१ लाख, नागपूर शहरापेक्षाही कमी. पश्चिमेला इटली, उत्तरेला ऑस्ट्रिया, ईशान्येला हंगेरी आणि दक्षिणेला-आग्नेयेला क्रोएशिया. एवढ्याशा जागेत चार वेगवेगळे प्रदेश येऊन भिडतात, वायव्येला आल्प्स, दक्षिणेला चुनखडीचे डिनारिक डोंगर, पूर्वेला हंगेरीकडे पसरत जाणारं सपाट मैदान आणि नैऋत्येला ॲड्रिॲटिक समुद्र. समुद्रकिनारा किती तर जेमतेम ४७ किलोमीटर. सकाळी बर्फात असलेला माणूस दुपारी समुद्रात पाय बुडवू शकतो. आणि देशाचा निम्म्याहून जास्त भाग जंगल आहे, अगदी अस्वलं असलेलं जंगल.

पण मला सगळ्यात जास्त भुरळ पडली ती चुनखडीची. ‘कार्स्ट’ हा शब्द भूगोलात शिकलेला आठवत असेल तर तो इथल्याच क्रास नावाच्या पठारावरून आलाय. चुनखडी पाण्यात विरघळते त्यामुळे नद्या वाहता वाहता जमिनीत गडप होतात आणि भलतीकडेच वर येतात. श्कोत्सियानच्या गुहांपाशी रेका नदी डोंगराच्या पोटात शिरते ती थेट इटलीत समुद्राजवळ दुसऱ्या नावाने बाहेर पडते. त्या गुहेतली दरी मी पुलावरून खाली बघितली, नदी दिसायच्या आधी नुसता तिचा आवाज येतो, मला वाटतं युरोपात मी पाहिलेली सगळ्यात जबरदस्त जागा तीच (१९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे). त्सेर्कनित्सा नावाचं एक तळं आहे, भरलं की देशातलं सगळ्यात मोठं तळं आणि कोरड्या दिवसांत जमिनीतल्या भोकांवाटे सगळं पाणी निघून जातं, मग त्याच जागी लोक गवत कापतात. मासेमारी आणि गवतकापणी एकाच जागी, फक्त ऋतू वेगळा. पोस्तोयनाच्या गुहेत प्रोटिअस नावाचा आंधळा फिकट गुलाबी जीव असतो, काही खायला मिळालं नाही तरी वर्षानुवर्षं जगतो, पूर्वी पुरात तो वाहून बाहेर आला की लोकांना वाटायचं ही ड्रॅगनची पिल्लं आहेत.

आणि त्रिग्लाव. २,८६४ मीटर, सगळ्यात उंच शिखर, देशाच्या झेंड्यावर जे तीन टोकांचं डोंगराचं चित्र आहे ना तोच. प्रत्येक स्लोव्हेन माणसाने आयुष्यात एकदा तरी तो चढावा असं तिथे मानतात आणि खरंच आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत चढतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या डोंगरांत जर्मन बोलणाऱ्यांचे गिर्यारोहण क्लब आपल्या पाट्या लावत होते, झोपड्या बांधत होते. तेव्हा याकोब आल्याझ नावाच्या गावातल्या पाद्र्याने त्रिग्लावच्या माथ्यावरचा जमिनीचा तुकडा चक्क विकत घेतला आणि १८९५ मध्ये तिथे पत्र्याचा एक छोटा मनोरा उभा केला. आत चार-पाच माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढाच. अजून आहे. भावाला सांगा पहिल्याच उन्हाळ्यात जा, पण दोर आणि हेल्मेट घेऊन, शेवटचा टप्पा लोखंडी दोराला धरून आहे आणि दुपारी तिथे विजा पडतात.

बंदरकाठ:
घाटवाट यांनी छान लिहिलंय. मी स्लोव्हेनियातल्या कोपर बंदरात कामाला असतो, इथे बरीच वर्षं झाली, इतिहासाचं मी सांगतो.

ताई, तुमचा भाऊ आला की त्याला पहिल्याच आठवड्यात सुट्टे पैसे मिळतील, ते खर्च करायच्या आधी टेबलावर मांडून बघायला सांगा. युरोच्या नाण्यांची एक बाजू प्रत्येक देशाची वेगळी असते. बेल्जियम, स्पेनच्या नाण्यांवर राजे आहेत. इथे १ युरोवर एक धर्मसुधारक आहे, २ युरोवर कवी, ५ सेंटवर बी पेरणारा शेतकरी, १० सेंटवर कधीच न बांधलेली इमारत, २० सेंटवर घोडे, ५० सेंटवर त्रिग्लाव. राजा नाही, सेनापती नाही, कारण जवळजवळ हजार वर्षं यांचं स्वतःचं राज्यच नव्हतं. हा एक मुद्दा समजला की स्लोव्हेनियाचं बाकी सगळं समजतं असं माझं मत आहे.

२ सेंटच्या नाण्यापासून सुरू करा. त्यावर एक दगड आहे, जुन्या रोमन खांबाचा उलटा ठेवलेला पाया. सहाव्या शतकाच्या शेवटी स्लाव्ह लोक आल्प्सच्या या बाजूला येऊन वसले आणि सातव्या शतकात त्यांचं करांतानिया नावाचं राज्य झालं. तिथे नवा ड्यूक आला की त्याला या दगडापाशी विधी करून मान्यता द्यायचे आणि तो विधी स्लाव्ह भाषेत व्हायचा, पुढे राज्य जर्मन सरदारांकडे गेलं तरी ही पद्धत काही शतकं चालू राहिली. तो दगड आज ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टला आहे, म्हणून नाण्यावर आल्यावर तिकडच्या काही पुढाऱ्यांनी आक्षेपही घेतला होता.

चौदाव्या शतकापासून १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याची सत्ता. मधे १८०९ ते १८१३ नेपोलियनची, तेवढी चार वर्षं ल्युब्ल्याना एका फ्रेंच प्रांताची राजधानी होती. किनाऱ्यावर मात्र व्हेनिसचं राज्य १७९७ पर्यंत, त्यामुळे आमचं कोपर आणि शेजारचं पिरान अजून व्हेनिससारखं दिसतं, दोन्ही गावांत पाट्या स्लोव्हेन आणि इटालियन अशा दोन्ही भाषांत असतात. शहरात जर्मन किंवा इटालियन, खेड्यात स्लोव्हेन, अशी विभागणी शेकडो वर्षं. शिकलेला माणूस म्हणजे जर्मन बोलणारा. मग ही भाषा टिकली कशी?

इथे १ युरोचं नाणं. प्रिमोझ त्रुबार, प्रोटेस्टंट धर्मोपदेशक, छळामुळे देश सोडून जर्मनीत गेला आणि १५५० मध्ये तिथून त्याने स्लोव्हेन भाषेतली पहिली दोन छापील पुस्तकं काढली, एक धर्माची प्रश्नोत्तरं आणि एक मुळाक्षरांचं. १५८४ मध्ये युरी दाल्मातिनने अख्खं बायबल स्लोव्हेनमध्ये आणलं आणि त्याच वर्षी पहिलं व्याकरणही छापलं गेलं. नंतर कॅथलिक सत्तेने प्रोटेस्टंट मोडून काढले, पुस्तकं जाळली, पण बायबल मात्र कॅथलिक पाद्रीसुद्धा वापरत राहिले. आज देशात कॅथलिकच जास्त, तरी ३१ ऑक्टोबरला रिफॉर्मेशन डेची, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या आठवणीची, सार्वजनिक सुट्टी असते. ती धर्मासाठी कमी आणि भाषेसाठी जास्त आहे. मला हे फार मोठं वाटतं.

२ युरोवर फ्रान्त्से प्रेशेरेन, जन्म १८००, धंद्याने वकील, यूलिया नावाच्या बाईवर एकतर्फी प्रेम, मित्र लवकर गेले, दारू, १८४९ मध्ये वारला. जर्मनमध्ये सहज मोठा कवी झाला असता पण त्याने शेतकऱ्यांची समजली जाणारी भाषा घेतली आणि तिच्यात सॉनेट लिहून दाखवले. ८ फेब्रुवारी, त्याचा मृत्युदिन, ही राष्ट्रीय सुट्टी आहे, त्या दिवशी म्युझियम फुकट असतात आणि चौकाचौकात कविता वाचतात. राष्ट्रगीतही त्याच्याच एका कवितेचं सातवं कडवं. ते स्वतःच्या देशाचं कौतुकच करत नाही, जी माणसं सगळ्या देशांतली भांडणं संपायची वाट बघतात आणि ज्यांना सीमेपलीकडचा माणूस सैतान न वाटता शेजारी वाटतो त्यांच्यासाठी आशीर्वाद मागतं. मी पहिल्यांदा अर्थ समजून घेतला तेव्हा मला गहिवरून आलं होतं. ल्युब्ल्यानाच्या मुख्य चौकात त्याचा पुतळा आहे, नजर समोरच्या इमारतीच्या भिंतीवर कोरलेल्या त्याच्या यूलियाकडे.

पहिल्या महायुद्धात इथल्या सोचा नदीच्या खोऱ्यात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात १९१५ ते १९१७ बारा लढाया झाल्या, बर्फात, कड्यांवर, लाखो माणसं मेली किंवा जायबंदी झाली. शेवटची कोबारिदची. ती नदी आज इतकी निळीहिरवी आहे की विश्वास बसत नाही, काठाने चालताना खंदक दिसतात. युद्ध संपल्यावर सर्ब आणि क्रोएट लोकांबरोबर एक राज्य झालं, त्याचंच पुढे युगोस्लाव्हिया. पण १९२० च्या तहाने पश्चिमेचा मोठा तुकडा इटलीला गेला आणि त्याच वर्षी उत्तरेला सार्वमतात कारिंथियाचा भाग ऑस्ट्रियात राहिला. मुसोलिनीच्या काळात इटलीकडच्या स्लोव्हेनांच्या शाळा बंद, माणसांची आडनावंसुद्धा जबरदस्तीने इटालियन केली. माझ्या इथल्या शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या वडिलांचं आडनाव असंच बदललं होतं, त्या अजून ते सांगताना आवाज चढवतात. सीमा, भाषा आणि आडनाव, या तीन गोष्टींवर इथे कधीही हलकं बोलू नका.

१० सेंटवरची न बांधलेली इमारत म्हणजे योझे प्लेचनिकने काढलेला संसद भवनाचा आराखडा. प्राग आणि व्हिएन्नात नाव कमावून हा आर्किटेक्ट आपल्या गावी परत आला आणि ल्युब्ल्यानाचे पूल, बाजार, नदीचे घाट, राष्ट्रीय ग्रंथालय सगळं त्याने घडवलं. भाऊ रोज त्याच्याच हातच्या शहरातून कॉलेजला जाईल.

तिसरा_बाक:
बंदरकाठ दादा, लिहिलंय सुंदर पण युगोस्लाव्हियाचा भाग तुम्ही सोडलात आणि ताईंचा प्रश्न तोच होता. शिवाय सगळं कवी आणि भाषा एवढंच नाहीये, थोडं कडू पण सांगायला हवं नाहीतर भावाला तिथे कोणी जुना विषय काढला तर कळणार नाही काय चाललंय.

१९४१ मध्ये हा छोटासा देश जर्मनी, इटली, हंगेरी तिघांनी वाटून घेतला. १९४२ मध्ये इटालियन सैन्याने अख्ख्या ल्युब्ल्याना शहराभोवती काटेरी तारांचं कुंपण घातलं. आज त्याच रेषेवर तीसेक किलोमीटरचा झाडांनी भरलेला रस्ता आहे, लोक रोज धावतात आणि मे महिन्यात हजारो लोक मिळून पूर्ण फेरी चालतात. पार्टिझन म्हणजे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या गनिमी लढवय्यांनी जंगलातून जबरदस्त लढा दिला, त्सेर्कनोजवळ एका अरुंद घळीत लपवलेलं त्यांचं हॉस्पिटल होतं, जखमींना डोळे बांधून न्यायचे म्हणजे पकडले गेले तरी जागा सांगता येऊ नये. पण त्याच वेळी स्लोव्हेन विरुद्ध स्लोव्हेन असंही युद्ध झालं, कम्युनिस्टविरोधी गट जर्मनांच्या बाजूने लढले, आणि १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर नव्या सत्तेने अशा हजारो लोकांना चौकशीशिवाय मारून जंगलातल्या खड्ड्यांत आणि खाणींत टाकलं. चाळीसेक वर्षं त्यावर उघडपणे बोलायची बंदी होती. आजही कोणाचे आजोबा कुठल्या बाजूला होते यावरून घरात आणि राजकारणात तट पडतात.

युगोस्लाव्हियात स्लोव्हेनिया सगळ्यात श्रीमंत होता, लोकसंख्या ८ टक्क्यांच्या आसपास पण कारखाने आणि निर्यात त्यामानाने खूप जास्त. युगोस्लाव्हियाचा नेता टिटो गेल्यावर कर्ज, महागाई, आणि राजधानी बेलग्रेडची पकड घट्ट व्हायला लागली तसं लोकांना वाटायला लागलं की आपलं आपण बघावं. २३ डिसेंबर १९९० ला सार्वमत झालं आणि एकूण मतदारांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतंत्र व्हा म्हणून सांगितलं. २५ जून १९९१ ला घोषणा, २७ जूनला युगोस्लाव्ह सैन्य सीमा नाके ताब्यात घ्यायला निघालं आणि दहा दिवस लढाई झाली, दोन्हीकडची आणि बाहेरची मिळून शंभराच्या आत माणसं गेली. युगोस्लाव्हियातल्याच बोस्नियात जे भयंकर युद्ध झालं तसं इथे झालं नाही. त्याला शौर्य आणि तयारी हे एक कारण, पण दुसरं कारण असं की इथे सर्ब वस्ती फारच थोडी होती त्यामुळे या जमिनीसाठी लढत राहण्यात बेलग्रेडला रस नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणि एक डाग आहे. १९९२ मध्ये नव्या सरकारने दुसऱ्या युगोस्लाव्ह राज्यांतून येऊन इथे राहणाऱ्या सुमारे २५ हजार लोकांची नावं रहिवाशांच्या नोंदीतून काढून टाकली, कारण त्यांनी ठरलेल्या मुदतीत नागरिकत्वाचा अर्ज केला नव्हता किंवा तो नामंजूर झाला होता. एका रात्रीत नोकरी, दवाखाना, पेन्शन सगळं बंद, घर भाड्याने घेता येईना. इथे त्यांना ‘पुसलेले’ म्हणतात. युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने २०१२ मध्ये स्लोव्हेनियाला दोषी ठरवलं, २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. स्वतःच्या भाषेवर झालेला अन्याय इतका लक्षात ठेवणाऱ्या देशात हे झालं म्हणून मला ते जास्त लागतं.

बंदरकाठ:
तिसरा_बाक, बरोबर आहे, आमच्या बंदरातच बोस्नियाहून आलेला एक सहकारी आहे ज्याच्या वडिलांचं नाव असं पुसलं गेलं होतं, त्यांचं कार्ड सरकारी कचेरीत खिडकीपलीकडे कापलं. तुम्ही लिहिलंत ते चांगलं केलंत. फक्त एक भर घालतो, इटालियन आणि हंगेरियन अल्पसंख्याकांना इथल्या ९० जणांच्या संसदेत प्रत्येकी एक राखीव जागा आहे, समाज कितीही छोटा असला तरी. जुन्या शेजाऱ्यांना जागा दिली आणि दक्षिणेकडून कामाला आलेल्यांना नाही, हा फरक अजून जाणवतो.

पुढचं भराभर: २००४ ला युरोपियन युनियन आणि नाटो, २००७ च्या १ जानेवारीपासून युरो, त्याआधी १९९१ पासून स्वतःचं चलन तोलार. नोव्हा गोरित्सा नावाचं गाव बघायला सांगा भावाला, युद्धानंतर जुनं गोरित्सा इटलीला गेलं म्हणून यांनी सीमेला लागून नवीन शहर बांधलं, स्टेशनसमोरच्या चौकातून कुंपण जायचं, ते २००४ मध्ये काढलं. २०२५ साठी दोन्ही शहरं मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली.

सदाफुली:
बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. आईला रात्री मोठ्याने वाचून दाखवलं, नावं पुसण्याचं ऐकून ती गप्पच झाली. आता जरा रोजचं विचारते. भाषा कितपत अवघड आहे, इंग्लिशवर भागेल का? आणि आम्ही घरी शाकाहारी, त्याचं खाण्याचं काय होईल? सणवार काय असतात?

मधुमक्षिका:
मी ल्युब्ल्यानात रिसर्चला होते, आता पुण्यात. सदाफुली ताई, इंग्लिशवर अगदी आरामात भागतं, दुकानात, बसमध्ये, हॉस्पिटलमध्ये सगळीकडे. तरी भाषा शिकायला सांगा, कारण २१ लाख लोकांची भाषा कोणी परका शिकतोय म्हटल्यावर त्यांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. सहा विभक्ती आहेत त्या पाठ कराव्या लागतात. पण एक गंमत आहे, संस्कृतसारखं तिथे द्विवचन अजून जिवंत आहे, रोजच्या बोलण्यात, क्रियापदालाही. मी शाळेत संस्कृत शंभर मार्कांचं घेतलं होतं त्यामुळे क्लासमधल्या बाकीच्यांना जे डोक्यावरून जायचं ते मला पटकन कळलं. दोघं जण जाणार असतील तर तिथे वेगळं रूप, तिघं झाली की वेगळं. प्रेमाच्या कवितेला याचा केवढा उपयोग होत असेल बघा.

खाण्याचं: मांसाचं प्रमाण जास्त आहे, सॉसेज तर त्यांचा जीव की प्राण. पण आयदा म्हणजे आपला कुट्टू, तो ते भरपूर खातात, त्याच्या पिठाचा घट्ट सांजा आणि वर आंबट दूध, फक्त वर चरबीचे तुकडे घालू नका म्हणून सांगावं लागतं. श्त्रुक्ली हा उकडलेल्या गुंडाळ्यांचा प्रकार, आत पनीरसारखं ताजं चीज किंवा अक्रोड. इद्रियाचे बटाटा भरलेले छोटे कानवले येतात पण त्यातही बऱ्याचदा डुकराची चरबी असते, विचारूनच घ्यायचे. पोतित्सा म्हणजे अक्रोडाची गुंडाळलेली गोड पावासारखी, ईस्टर-ख्रिसमसला प्रत्येक घरी, आणि प्रत्येक घराचं म्हणणं आमच्या आजीचीच खरी.

सणांत मला सगळ्यात आवडला तो प्तुय गावचा कुरेंत. फेब्रुवारीच्या सुमाराला पुरुष मेंढीच्या कातड्याचे जाड झगे, शिंगं किंवा पिसांचे मुखवटे आणि कमरेला जडशीळ घंटा बांधून दारोदार उड्या मारत फिरतात, हिवाळा हाकलायला. तो घंटांचा नाद छातीत बसतो.

आणि मधमाश्या! याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मुद्दाम लिहिते. इथली स्वतःची करड्या रंगाची माशी आहे, तिला कायद्याने संरक्षण आहे, देशात दुसऱ्या जातीची माशी पाळायला परवानगी नाही. पेट्या सुट्या न ठेवता लाकडी घरात कपाटासारख्या रचतात आणि पूर्वी प्रत्येक पेटीच्या पुढच्या फळीवर चित्र काढायचे, संत, प्राणी, गावातल्या भांडखोर जोडप्यांची चित्रं. शेतकऱ्यांनी रंगवून घेतलेली ती चित्रं राडोव्हल्यित्साच्या म्युझियममध्ये ओळीने लावलीत, मी तिथे तासन् तास रमले. आंतोन यान्शा नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, चित्रकला शिकायला व्हिएन्नाला गेला आणि मारिया तेरेझा राणीच्या काळात तिथे मधमाशीपालनाचा सरकारी शिक्षक झाला. त्याचा जन्म १७३४ च्या मे महिन्यातला, म्हणून स्लोव्हेनियाने युनोत प्रस्ताव मांडला आणि २०१८ पासून २० मे हा जागतिक मधमाशी दिन झाला. तिथल्या बालवाड्यांत आणि शाळांत नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी सकाळच्या नाश्त्याला गावचाच मध, लोणी, पाव, दूध आणि सफरचंद देतात, मुलांना मधपाळ येऊन माहिती सांगतो.

सदाफुली:
मधाचं ऐकून आजी एकदम खूश. थंडी किती असते? आणि काही अडलं तर भारतीय दूतावास व्हिएन्नाला का?

मधुमक्षिका:
नाही हो, दूतावास ल्युब्ल्यानातच आहे. थंडी शून्याखाली जाते पण खरा त्रास धुक्याचा, शहर खोलगट जागेत आहे त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवडाभर ऊन दिसत नाही असं होतं आणि नवीन मुलं उदास होतात. तेव्हा रविवारी बस पकडून जवळच्या डोंगरावर जायचं, वर चक्क ऊन असतं. समुद्राकडे विपावाच्या खोऱ्यात बुर्या नावाचा वारा सुटतो, तिथे छपरावर दगड ठेवतात, त्या दिवशी ट्रक बंद करतात, हायवेच्या सूचना बघूनच निघायचं. आणि कॉलेजला नाव नोंदवलं की लगेच विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या जेवणासाठी अर्ज करायला सांगा, तिथे त्याला ‘बोनी’ म्हणतात, परदेशी मुलांनाही मिळतात. सरकार काही पैसे भरतं, उरलेले आपण, आणि शहरातल्या बऱ्याच रेस्टॉरंटमध्ये सूप, सॅलडसकट पूर्ण जेवण मिळतं, शाकाहारी थाळीही बहुतेक ठिकाणी असते. मी तर पहिलं वर्ष त्याच्यावरच काढलं. कुकर, मसाले आणि थोडी तूरडाळ बॅगेत टाका, बाकी सगळं तिथे मिळतं.